सात दिवसांची सूचना

कर्वेनगर, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीक्षाताईस,
सप्रेम जय भीम.

मागच्या पत्रात माझी एक तारीख चुकली आहे. आपला ग्रुप उघड झाला तो दिवस मी सोळा सप्टेंबर लिहिला होता. तो बारा सप्टेंबर, शुक्रवार. चंद्रभागा मावशीनं आपल्या दोघींना घरी पाटीवर शिकवलं तेव्हा तिचा दंडक होता, चुकलेलं पुसायचं नाही, त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. तेव्हा मागचं पत्र फाडू नकोस. सोळावर रेघ मार आणि बारा लिही.

मावशी बरी आहे. परवा जाऊन आले. गुडघा दुखतो म्हणते, पण मंडईतून भाजी स्वतःच आणते आणि भाजीवाल्याशी भांडण झालं असेल तर त्या दिवशी गुडघ्याची तक्रार नसते. पोटची लेक बंगळुरूला गेली, त्याचा राग अजून आहे. "तुझ्या आईला विसरलीस का, असं विचार तिला," म्हणाली. "आणि ती हो म्हणाली तर मला सांगू नकोस." थंडी यंदा लवकर पडली आहे. मी जेवते वेळेवर.

चार दिवसांच्या फरकासाठी पत्र कशाला, असं तुला वाटेल. सोळा तारखेला, आपला ग्रुप ज्या नोकऱ्यांच्या साइटवर आहे तिनं काही बदल केल्याचे मेल सगळ्यांना आले होते. मी तुला लिहिलं की त्या बदलात आपल्या ग्रुपचं सेटिंग आपोआप उलटलं. ते वाक्य सोळा तारखेशिवाय उभं राहत नव्हतं, म्हणून सोळा.

सेटिंग मी बदललं, ताई. माझ्या हातानं, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला फोन केला असता. थांबत नाही, म्हणून लिहिते.

ग्रुप माझ्याकडे सोपवताना तू पहिला नियम मोठ्यानं वाचून दाखवला होतास. 'बौद्ध व्यावसायिक, पुणे' हा ग्रुप यादीबाहेर राहील. शोधून सापडणार नाही, आणि कोणाच्याही प्रोफाइलवर त्याचं नाव दिसणार नाही. मी तेव्हा म्हणाले होते, "आपण काय चोरी करतोय का?" तू म्हणालीस, "उपा, तुझं आडनाव कांबळे. तुला कोणी विचारायच्या आधीच त्यांना कळतं. ज्यांचं कळत नाही, त्यांनी कधी सांगायचं ते त्यांना ठरवू दे." मला ते पटलं नव्हतं. मावशीनं शिकवलेलं दुसरं होतं, नाव विचारलं की पूर्ण सांगायचं, मान वर करून. तुलाही तेच शिकवलं होतं, म्हणून तुझा नियम मला भित्रेपणाचा वाटला.

ग्रुप उघडा असला तर कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना तो सापडेल, हे माझं कारण होतं. ते खोटं नाही. पण ते माझ्याकडे दोन वर्षं होतं आणि दोन वर्षांत मी काहीही केलं नाही.

पूर्वा जाधव तुला मागच्या पत्रातून माहीत आहे. मी लिहिलं होतं, आपल्याच ग्रुपमधली, माझ्याच कंपनीतली, तिला जरा त्रास झाला. ती माझी मैत्रीण आहे हे मी लिहिलं नव्हतं. ती इथेच दोन गल्ल्या सोडून राहते. आम्ही एकत्र भाजी आणतो, ती माझ्याकडे केस धुवायला येते कारण तिच्या घरमालकिणीचा गीझर कायम बिघडलेला असतो. ऑफिसात तिला सगळे मराठा समजत. तिनं तसं कधी सांगितलं नव्हतं, फक्त कोणी समजलं तर दुरुस्त केलं नव्हतं. हिंजवडीच्या बसमध्ये आम्ही लांब बसायचो. "चालेल ना गं? आपण दोघी सारख्या एकत्र दिसलो की लोक जोडतात," असं तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मी चालेल म्हणाले. मला चालत नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वाकडच्या पुढे बस अडकली होती. तिच्या टीममधला सुदर्शन मागच्या सीटवरून मला म्हणाला, "कांबळे मॅडम, तुमच्याकडे गणपती बसत नाही ना?"

"नाही."

"मग त्या दिवशी सुट्टी कशाला घेता? या ना कामावर. आमच्या वाटचंही करा."

चारपाच जण हसले. मला याची सवय आहे, मी खिडकीकडे पाहिलं. मग पूर्वाचा आवाज आला, अगदी सहज. "अरे, त्यांना सुट्ट्या सगळ्याच हव्या असतात."

मोठा हशा झाला. सुदर्शननं तिला टाळी दिली.

संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली आणि रडली. "तोंडातून गेलं गं. सगळे माझ्याकडे बघत होते. उपा, तू मला मार." मी तिला चहा करून दिला, काही नाही गं म्हणाले. तिला झोप येत नव्हती, सारखी धडधड व्हायची, म्हणून मीच म्हटलं इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर कर. फॉर्म मी भरून दिला. त्या वेळी माझ्या मनात काही होतं का, हे मी फार वेळा तपासलं आहे. फॉर्म भरताना नव्हतं. तिची तारीख नक्की झाली, तीन सप्टेंबर ते चौदा सप्टेंबर, आणि ती म्हणाली, "तिथे पोचल्याबरोबर फोन काढून घेतात म्हणे, अकराव्या दिवशी परत," तेव्हा आलं.

पाच सप्टेंबरला मी ग्रुपवर सूचना लावली. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कोणतीही सूचना निघाली नव्हती. निघाली होती. नियमांच्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, बैठकीच्या जागेतल्या बदलाखाली. 'ग्रुप सात दिवसांनी यादीत दिसू लागेल, कोणाची हरकत असल्यास कळवावे किंवा ग्रुप सोडावा.' नवीन पोस्ट म्हणून टाकली असती तर सगळ्यांच्या फोनवर वाजली असती. पानावर टाकली की वाजत नाही. तीनशे अकरा माणसांपैकी हरकत कोणाचीच आली नाही. मी रोज सकाळी पाहायचे आणि आली नाही याचं मला समाधान वाटायचं. मी नियमानं वागते आहे, असं मी स्वतःला सांगत होते, आणि खरंच वागत होते. मुदत सात दिवसांची, आणि पूर्वा अकरा दिवस फोनशिवाय, हे मला पाठ होतं.

बटण दाबताना साइट एकदा विचारते. 'यापुढे सर्व सभासदांच्या प्रोफाइलवर या ग्रुपचे नाव दिसेल.' मी ते दोनदा वाचलं.

तासाभरात सुदर्शननं तिच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट त्यांच्या टीमच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या टीमची सोनाली माझ्याबरोबर जेवते, तिनं मला दाखवलं. वाईट वाटून दाखवलं की गंमत म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. मी वाचलेलं तसंच लिहिते.

"हे जाधव ते जाधव नव्हेत."

"आरतीचं ताट दिलं होतं की रे आपण हिच्या हातात, एकोणतीस तारखेला!"

"बाप्पा समजून घेईल. बाप्पा मोठ्या मनाचा आहे."

"विपश्यनेला गेली तेव्हाच कळायला हवं होतं."

"उत्तर दे ना पूर्वा."

"मौन पाळतेय. आता कायमचं पाळ म्हणावं."

तीन दिवस ते असं चाललं होतं. ती उत्तर देत नव्हती म्हणून त्यांना आणखी चेव येत होता. आणि ताई, वाचताना पहिल्यांदा मला बरं वाटलं. 'त्यांना' म्हणाली होती ना, असं वाटलं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

रविवारी दुपारी तिचा फोन आला, नाशिक रस्त्यावरून. "उपा, इतकं हलकं वाटतंय ना! अजून नेट चालू केलेलं नाही, मुद्दाम. तुझ्याकडे येऊ जेवायला?" मी ये म्हणाले. पिठलं-भात केला. ती आली, पाया पडल्यासारखं वाकून मला म्हणाली, "हे तुझ्यामुळे." जेवता जेवता फोन चालू केला. दोनशेच्या वर मेसेज होते. ती वाचत गेली आणि तिच्या बोटांवरचं पिठलं वाळत गेलं. शेवटी म्हणाली, "हे कसं झालं गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "जायच्या आधी तू प्रोफाइल नीट करत होतीस ना? तेव्हा चुकून ग्रुपचं काहीतरी दाबलं असशील. सभासदांनाही ते बदलता येतं."

तिनं विचार केला. खरंच आठवायचा प्रयत्न केला. म्हणाली, "हो, असेल. मी घाईतच होते."

ताई, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला याहून ते वाईट होतं. तिला ते आठवायला लागलं. आता ती सांगते की कोणतं बटण, कोणत्या दिवशी.

ग्रुपमधल्या इतरांनी विचारलं तेव्हा पूर्वाचं नाव घेता येईना, म्हणून त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी मी साइटचं कारण काढलं. तू ते ग्रुपवर माझ्या बाजूनं ठामपणे लिहिलंस. पूर्वाला वाटतं, मी तिची चूक झाकण्यासाठी साइटवर ढकललं. त्याबद्दल तिनं माझे आभार मानले आहेत.

आणि सेटिंग मी पूर्ववत केलं नाही. साइटला विनंती केली आहे, वेळ लागतो, असं लिहिलं. एका मिनिटाचं काम होतं. पण मी उलटं फिरवलं असतं तर ते माणसाच्या हातानं फिरतं हे सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून दोन महिने तीनशे माणसांची नावं तशीच उघडी राहिली. सत्तावीस जण ग्रुप सोडून गेले. आज सकाळी आठ वाजता मी ते बंद केलं. कोणी काय केव्हा बदललं याची नोंद अॅडमिनना दिसते. तू अजून अॅडमिन आहेस, पण तू एकदाही उघडून पाहिली नाहीस. त्या पानाची छापील प्रत सोबत जोडली आहे.

पूर्वाच्या टीमनं तिला काहीही केलं नाही, असं ते म्हणतात, आणि तसं पाहिलं तर खरं आहे. तिच्या टेबलावरून कोणी उठलं नाही. फक्त पाचही जण रोज बाहेर जेवायला लागले. सुदर्शन तिला अहो-जाहो करतो. "जाधव मॅडम, आपण सांगायचं होतं, आम्ही काळजी घेतली असती." जानेवारीत तिला क्लायंटकडे जायचं होतं, तिथे दुसऱ्याचं नाव लागलं. तिनं ऑक्टोबरमध्ये तक्रार केली. कंपनीच्या तक्रार समितीनं पहिला प्रश्न विचारला, ही माहिती सार्वजनिक कोणी केली? तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, 'माझ्याच चुकीने.' आता समितीचं म्हणणं असं की जे तिनं स्वतःच जगाला दाखवलं, ते पुढे पाठवणाऱ्यांचा दोष काय? गुरुवारी, वीस तारखेला, शेवटची बैठक आहे. तिचा लेखी जबाब बदलला नाही तर तक्रार बंद होईल, आणि ती राजीनामा देईल. तो लिहून तयार आहे, मला दाखवला. त्यातली एक वेलांटी मी दुरुस्त करून दिली.

मी गप्प का राहिले याचं माझ्याकडे एक चांगलं उत्तर आहे, आणि चांगलं आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. मी बोलले तर सुदर्शन म्हणेल, "बघा, त्यांचं त्यांनीच केलं." सबंध ऑफिस सुटकेचा श्वास टाकेल. त्यांना तेच हवं आहे. मी आपल्या माणसांची लाज राखते आहे, असं मी नऊ आठवडे म्हणत आले. खरं हे आहे की माझी नोकरी जाईल, आणि पूर्वा माझ्याकडे पाहील.

आधी मी ठरवलं होतं की गुरुवारी सरळ समितीसमोर जाऊन सांगायचं. ते मला धाडसाचं वाटत होतं. मग लक्षात आलं की पूर्वा ते चार परक्या माणसांदेखत पहिल्यांदा ऐकेल. म्हणजे पुन्हा तिच्या नकळत, तिच्याबद्दल, मी ठरवलेल्या वेळी. मला खरं बोलायचं असतं तेव्हा ते दुसऱ्याच्या जिवावर का बोलायचं असतं, मला कळत नाही.

तेव्हा आधी तिला सांगणार. या पत्राची दुसरी प्रत आणि त्या नोंदीचं पान तिच्या हातात देणार. समितीपुढे काय ठेवायचं ते तिनं ठरवावं. तिनं काहीच ठेवायचं नाही म्हटलं तर मी गप्प बसेन, आणि ती शिक्षा मला जास्त कठीण जाईल हेही मी तिला सांगणार नाही, नाहीतर ती माझा विचार करायला लागेल. तशी आहे ती.

ग्रुपमधून मला आजच काढ. मावशीला तू सांगू नकोस, मी सांगेन, पण पूर्वानंतर. तू मला थांबवायला फोन करशील, म्हणून हे टपालानं पाठवते. तुझ्या हातात पडेल तोवर सांगून झालेलं असेल. सोमवारी पूर्वाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, तो दिवस सोडला.

मंगळवार, अठरा नोव्हेंबरपर्यंत तुझी बहीण, आणि त्यानंतर तू म्हणशील ती,

उत्पला