दर्यावरचं गाऱ्हाणं

तारकर्ली, १२ मे २००४

चि. सौ. यशोदेस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा होडी वर ओढताना डाव्या डोळ्यापुढे काळोख झाला आणि उजव्या हातातली दोरी सुटली. थोड्या वेळाने सगळं जाग्यावर. मी म्हटलं, उन्हाचं असेल. पण तुझी वहिनी ऐकते कुठली! गोव्याला डॉक्टरकडे नेलंच. मानेतली, मेंदूला रक्त नेणारी डावी शीर आतून चरबीने चोंदली आहे म्हणे. कापून साफ करायची. नाही केली तर केव्हाही अर्धांगवायू. करतानाही तोच धोका, थोडा कमी. शिवाय आवाजाची नस दुखावली तर घसा बसेल, एखाद्याचा कायमचा.

मरणाक मी भियत नाय गो. पण नारळी पुनवेला दर्याला नारळ देताना वाडीचं गाऱ्हाणं मी घालतो, सगळ्यांसाठी मागणं मागतो. माझ्या एकेका वाक्यावर सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आवाजच गेला तर उरलो काय? नको ते ऑपरेशन.

तुझा, बाबलीदादा

मुंबई, २० मे

ती. दादास यशोदेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग संतापले. आडवा पडलास तर गाऱ्हाणं काय खाटेवरून घालणार? शिर सलामत तर पगडी पचास! अनुजा बाळंतपणाला माहेरी आलीय, दिवस भरलेत, नाहीतर येऊन तुझा कान धरला असता. ऑपरेशन करून घे. काही वाईट झालं तर खुशाल माझ्या नावाने बोटं मोड.

तुझी, यशोदा

तारकर्ली, २६ जून

सौ. यशोदावन्संना शेवंतीचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे तयार झाले, ऑपरेशन झालं. त्याच संध्याकाळी मान फुगली, आत रक्त साकळलेलं. श्वास अडकेल म्हणून पुन्हा आत नेलं. आता धोका टळला, हातपाय, डोळे धड आहेत. पण आवाज गेला, नुसती फुसफुस येते. काही महिन्यांनी सुधारेल, नाहीतर नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. तुमचं नाव काढलं की हे भिंतीकडे तोंड करतात. राग मानू नका.

आपली, शेवंती

तारकर्ली, २ सप्टेंबर

चि. सौ. यशोदेस आशीर्वाद. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. रागावलो होतो तुझ्यावर, खोटं कशाला बोलू?

पुनवेला मी मागेच उभा होतो. पुतण्या सत्यवानाने नारळ घेतला, नि माझ्याच हातात आणून दिला. गाऱ्हाणं तूच घाल म्हणून सगळे हटून बसले. शेवटी पाण्यात उतरलो. घशातून निघालेलं लाटेच्या आवाजात मलाच ऐकू येईना. पण वाडीला गाऱ्हाणं तोंडपाठ! माझे ओठ थांबले की ‘व्हय म्हाराजा’. एकदाही चुकले नाहीत. नारळ धरलेला उजवा हात जरासुद्धा थरथरला नाही गो.

शेवटी मी एक वाक्य माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, बा दर्याच्या राजा, माझ्या यशोदेक सुखी ठेव, तिनाच माका हयसर, ह्या पाण्यात, उभो ठेवल्यान. ऐकलं कोणीच नाही. पण सगळी वाडी ओरडली, व्हय म्हाराजा!

अनुजाच्या बाळाला घेऊन ये. लोभ होता तसाच आहे, शंका नको.

तुझा, दादा