बटणाखालचा पाट

आई, आपल्याकडच्या गोरेगावात जुनं घर घेतलंय. उंच जोतं, सागाची दारं, मागं न्हाणीजवळ सीताफळ. तुला आवडलं असतं. पण स्वयंपाकघरातलं काळं गोल बटण बघितलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. आपलं बटण असंच होतं. भिंतीला ओल आली की झटका द्यायचं, म्हणून तू त्याच्याखाली लाकडी पाट कायमचा मांडून ठेवलेला. हात पदराला पुसायचा, पाटावर चढायचं, मग बटण. यात कुणी चुकलं की तुझा धपाटा ठरलेला. लग्न ठरल्यावर हे पहिल्यांदा जेवायला आले आणि नेमके त्याच पाटावर बसले. होणाऱ्या जावयाला ऊठ कसं म्हणायचं? लाइट गेली असं सांगून तू कंदील लावलास आणि शेजारच्या घरात बल्ब झगमगत असताना सगळे मुकाट्यानं जेवले. हे अजून येईल त्या पाहुण्याला ती गोष्ट सांगतात आणि मी खोटं खोटं चिडते.

तर या घराची वायरिंगही तशीच निघाली. वायरमननं लाकडी पट्टी उचकटली, तर वायरवरच्या रबराचा हातात भुगा झाला. अर्थिंगचा पत्ता नाही. तो म्हणाला, सगळी बदला, नाहीतर भिंतीत करंट उतरेल. तेव्हा खरेदीखत व्हायचं होतं. मी म्हटलं, आधी वायरिंग, मग सही. घरमालक काकांना ते लागलं. "आमची हयात गेली याच उजेडात. आता काहून फोडाफोडी?" हेही त्यांचीच री ओढत होते, राहायला गेल्यावर हळूहळू करू म्हणून. मला राग आला होता, पण भीती जास्त होती.

"काका, आमची नात भिंत धरून उभी राहून राहिली. तिला कोणत्या पाटावर ठेवू?"

पाटाची गोष्ट काकांनी यांच्याकडून ऐकलेली होती. त्यांनी नातीला भिंतीपासून अलगद बाजूला घेतलं. मग म्हणाले, "बराबर हाय. फोडा."

आता सगळं नवं झालंय. अंगणात खड्डा करून, मीठ-कोळसा भरून अर्थिंगही केलं. नात भिंतीवर थापा मारत घरभर फिरते. काल संध्याकाळी हे चहा मागत आत आले आणि माहेरून आणलेला तुझा पाट ओढून नव्या बटणाखाली बसले, हसू दाबत. मी फरशीवर अनवाणीच उभी होते. त्यांच्या डोक्यावरून हात नेला, बटण दाबलं, दिवा लागला. तुझी फार आठवण आली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगून टाकते. हात कोरडाच होता, तरी आधी पदराला पुसला.