बुजवलेली विहीर आणि खाडीवरचं शहर

सर, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की महागावच्या हायस्कुलात तुमचं नाव काढलं तर कोण, म्हणून विचारतात. तुम्ही फळ्यावर काढलेलं ते शहर मात्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि खरं सांगते, गेल्या दोन महिन्यांत मला त्याचा आणि तुमचाही फार राग आला. भूगोलाच्या पुस्तकात सॅन फ्रान्सिस्कोला जेमतेम दोन ओळी होत्या. तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवलंत, पांढऱ्या खडूनं एक किनारा काढलात, मग त्याच्या पुढे, पाण्यात, लाल खडूनं दुसरा काढलात आणि विचारलंत, या दोन रेघांच्या मधे काय आहे? आम्ही आठवीतली पोरं. समुद्र आमच्यापैकी एकानंही पाहिलेला नव्हता. मी तांड्यावरून रोज चालत येणारी, माझ्या लेखी पाणी म्हणजे नाला. कुणी म्हणालं मासे, कुणी म्हणालं वाळू.

मग तुम्ही सांगत गेलात. एका शांत खाडीच्या काठी थोडीशी वस्ती होती. आत डोंगरांत सोनं सापडलं आणि जगभरातून जहाजं येऊन थडकली. खलाशी नांगर टाकून सोन्याकडे पळाले, त्यांच्यामागे कप्तानही पळाले, आणि रिकामी जहाजं खाडीत तशीच उभी राहिली. कुणी त्यांत दुकान थाटलं, कुणी खानावळ, एकाचा तर तुरुंग झाला. जागा पुरेना तशी टेकड्यांची वाळू, कचरा, मोडकी जहाजं, हाताला लागेल ते लोकांनी खाडीत लोटलं आणि तिची जमीन केली. तिच्यावर रस्ते आले, पेढ्या आल्या, मोठमोठी घरं आली. पुढे भूकंप झाला तेव्हा ही भर घातलेली जमीन सगळ्यात वाईट खचली. घरं पडली, आग लागली, आणि पडलेल्या घरांचा काही मलबा पुन्हा खाडीतच गेला. तुम्ही घमेल्यात ओली वाळू भरून तिच्यावर वीट उभी केलीत आणि घमेलं गदागदा हलवलंत. वीट वाळूत कलंडली, पोरं हसली. मग माझ्याकडे वळून तुम्ही म्हणालात की हिचे पणजोबाही असेच, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. रेल्वे आली, धंदा बसला, आणि जिथं बैल थांबले तिथं तांडा झाला. वर्गात आमच्या लोकांबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या खुशीत, लोकांनी खाडी का बुजवली या तुमच्या प्रश्नावर मीच आधी उठले आणि ऐटीत म्हणाले, लालच. तुम्ही शिकवायचात पुस्तकी मराठीत आणि चिडलात की वणीच्या बोलीत यायचात. "लालच तं सगळ्यायलेच असते. तिथं आंधी काय होतं, थे सांग. मंग पुढचं बोल." मी खाली बसले.

त्याच आठवड्यात तुम्ही घरचा अभ्यास दिलात. आपल्या गावाचा नकाशा काढायचा. आज आहे ते सलग रेघेनं, पूर्वी होतं ते तुटक रेघेनं. मी नकाशा फार देखणा केला होता. तांड्याच्या नायकाचं घर, देऊळ, शाळा, पांदण, नाला, अगदी गाई बसायच्या ती जागासुद्धा. विहीर मात्र काढली नव्हती, सलगही नाही आणि तुटकही नाही. तुम्हाला ती ठाऊक होती, कारण काही वर्षांपूर्वी मतदार यादीच्या कामाला सायकलवर आला होतात तेव्हा तिचंच पाणी प्यायला होतात. भर वर्गात तुम्ही विचारलंत, विहीर कुठं गेली. मी म्हटलं, आमच्या तांड्यात विहीर कधी नव्हतीच. तुम्ही नकाशावर लाल शाईनं 'अपूर्ण' असं लिहून तो परत केलात. घरी जाताना मी तो नाल्यात फेकला. तुम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतल्या होत्या, इथं लिहीत नाही.

विहीर होती, सर. माझी आत्या, माझ्या वडिलांची, बापूंची धाकटी बहीण, मी पाचवीत असताना तिच्यात गेली. पाय घसरला की उडी घेतली, हे कुणी विचारलं नाही, मीही कधी विचारलं नाही. ज्या विहिरीत आपलं माणूस गेलं तिचं पाणी प्यायचं नाही आणि नावही घ्यायचं नाही, अशी आमच्या तांड्याची रीत. विहिरीचं नाव नाही, म्हणजे त्या माणसाचंही नाही. बापूंनी कुणाचा तरी ट्रॅक्टर मागून आणला आणि आठ दिवस माती, दगड, कपाशीच्या पऱ्हाट्या, फुटके माठ, मिळेल ते तिच्यात ओतलं. पुढे दर पावसाळ्यात तिथली जमीन बसायची, खळगा पडायचा, आणि बापू कुणाशी न बोलता चार टोपल्या मुरूम नेऊन टाकायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा रिकामटेकडा आहे, वाटेतले खड्डे बुजवतो. आज तांड्यात कर्ती असलेली पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांना ती मोकळी जागा म्हणजे फक्त मोकळी जागा.

हे तुम्हाला कुणी सांगितलं ते मला कधी कळलं नाही. एका रविवारी तुम्ही तांड्यावर आलात, बापूंशी तुरीबद्दल बोललात, चहा घेतलात आणि निघताना मला पांदणीपर्यंत सोबत नेलंत. खिशातून एका मासिकाचं घडी घातलेलं पान काढून माझ्या हातात दिलंत. त्यावर त्या शहराचा नकाशा होता, जुना किनारा तुटक रेघेनं दाखवलेला. तुम्ही म्हणालात, "नकाशात काय दाखवाचं अन काय नाही, थे गावानं ठरवाचं असते, बेटा. मले समजलं नाही." मी तिथंच रडले. त्यानंतर तुमच्यासारखं व्हायचं म्हणून मी डी.एड. केलं, आणि तुम्ही गेल्याचं मला महिनाभरानं कळलं.

आता मी त्याच तांड्याच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. गेल्या पावसाळ्यात एका खोलीच्या छताचा पत्रा उडाला आणि दुसरीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. तेव्हापासून पाचवी ते सातवी देवळाच्या ओसरीत बसते. किती अर्ज केले, किती वेळा पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या, ते जाऊ द्या. शेवटी दोन खोल्या मंजूर झाल्या. शाळा समितीतल्या पोरांनी उत्साहानं जागा सुचवली, आणि तीच जागा सुचवली. मी पाहायला गेले तेव्हा चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. नायकाच्या ओट्यापासून पावलं मोजली. पाचवीच्या वर्गाचा कोपरा बरोबर विहिरीवर येत होता.

मी घरी आले. बापू खाटेवर तूर निवडत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, खोल्या कुठं येणार तेही. ते ऐकत राहिले आणि आमच्या बोलीत एवढंच म्हणाले की नाव घेऊ नको. मी म्हटलं, लेकरं बसणार आहेत तिथं. त्यांनी तूर बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ऐंशीच्या घरातल्या माणसाची पाठ पाहत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मला त्यांची दया आली नाही, चीड आली. आयुष्यभर मुरूम टाकत राहिलात आणि आता बोलायची वेळ आली तर पाठ फिरवता, असं तोंडावर आलं होतं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा समितीची सभा होती. अभियंता तरुण होता, कामाचा होता. त्यानं सगळ्यांना नीट विचारलं, "इथं पूर्वी विहीर, खदान, बुजवलेला नाला, काही होतं का? आत्ता सांगा, मागून अडचण होते." पोरांनी एका सुरात नाही म्हटलं. कडेला बसलेल्या तीन म्हाताऱ्या जमिनीकडे पाहत राहिल्या. जागेत खोट निघाली तर काम दुसऱ्या गावाला जातं, हे मी याच तालुक्यात पाहिलेलं होतं. तांड्यात सरकारी जागा दुसरी कुठं आहे हेही मला नीटसं माहीत नव्हतं. ठरावाची वही माझ्यासमोर होती. त्या घटकेला मला तुमचं तेच वाक्य आठवलं, की काय दाखवायचं ते गावानं ठरवायचं. गावानं तर ठरवलंच आहे, मी मनाशी म्हटलं, मी कोण मधे बोलणारी. जागेवर पूर्वीचे कोणतेही बांधकाम, विहीर अथवा भराव नाही, असं मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. घमेल्यातली वीट सही करतानाही आठवत होती, म्हणून मला काही सुचलं नाही असं म्हणायची सोय नाही.

सकाळी जेसीबी आलं. निम्मा तांडा पाहायला जमला होता. मी पोरांना रेघेच्या मागे उभं राहा म्हणून ओरडत होते. तेवढ्यात बापू काठी टेकत आले. गेल्या दिवाळीपासून ते घराबाहेर पडले नव्हते. ते कुणाकडे न पाहता चुन्याची रेघ ओलांडून आत गेले, काठीनं दोनदा जमीन ठोकली आणि अभियंत्याला म्हणाले, "मशीन थांबवा, सायेब. इथं विहीर हाये. माही बहीण गेली हिच्यात. म्याच बुजवली." मग त्यांनी आत्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, जसं दुरून कुणाला हाक मारावी तसं. म्हाताऱ्यांनी पदर तोंडावर ओढले. माझ्या आयुष्यात ते नाव मी पाचवीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

अभियंता माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही तर लिहून दिलं होतं. मी तोंड उघडायच्या आत बापू बोलले. "तिले मालूम नव्हतं, सायेब. लहान होती थे. परवा तिनं पुसलं मले, म्हणून आलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी गप्प राहिले, सर.

जेसीबीनं तिथं खणून पाहिलं. आधी मुरूम निघाला, वर्षावर्षाचा, मग ओली काळी माती, कुजलेल्या पऱ्हाट्या, खापऱ्या, आणि मग दगडी बांधणीचा गोल. त्या शहरात आजही उंच इमारतीचा पाया खणताना जहाजाच्या फळ्या लागतात, असं तुम्ही सांगितलं होतंत ना, मी तिथं उभी राहून तेच आठवत होते. खोल्या कुठंही गेल्या नाहीत. अभियंत्यानं रेघा पुसून नाल्याच्या विरुद्ध बाजूला सरकवल्या, तीही जागा सरकारीच निघाली. म्हणजे ज्या भीतीनं मी सही केली ती भीतीही पोकळच होती. आता पायाचं काम सुरू आहे. घरात बापू माझ्याशी नेहमीसारखंच बोलतात, भाजीत मीठ कमी आहे म्हणतात, आणि मी सही का केली हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

हे कागद पाठवायला पत्ता नाही असं नाही. तुमचा मुलगा वणीला राहतो, त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. तो वाचेल, त्याला बरं वाटेल, कदाचित चार लोकांना दाखवेलही. म्हणूनच पाठवणार नाही. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनात पंचायत समितीचे साहेब आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं की मुख्याध्यापिकेनं वडिलांना बोलतं केलं, म्हणून पुढचा मोठा अपघात टळला, आणि माझ्या अंगावर शाल घालून हातात नारळ दिला. बापू पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांची खुर्ची माझ्यापासून चार पावलांवर होती. ती शाल काढून त्यांच्या अंगावर घालावी असं मला वाटलं, अगदी शालीत अडकलेली पदराची पिन सोडवायलाही हात गेला. मग फोटो काढणारा म्हणाला, मॅडम, इकडे बघा, आणि मी तिकडे बघितलं.