बुरूज हलतो आहे

बाबा, मी एक रणगाडा घेतला आहे. रिमोटवर चालणारा, बसायच्या पाटाएवढा लांब. आयुष्यभर युद्धाविरुद्ध बोलत आलेल्या तुमच्या लेकीला साठीच्या तोंडावर हे काय सुचलं, म्हणून तुम्ही हसला असता. घरातही हसूच झालं. खोका दारात आला तेव्हा तुमचा जावई म्हणाला, "या सेनापती! कुणावर स्वारी?" मी म्हटलं, "नालासोपाऱ्यावर." "घे बाई घे," तो म्हणाला, "तेवढाच स्टेशनाबाहेरचा रस्ता मोकळा होईल."

कारण सांगते. गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा मला युद्धावर बोलायचं होतं. हल्ली टीव्हीवर लढाई क्रिकेटसारखी दाखवतात. खाली धावफलकासारखे आकडे पळतात, निवेदक ओरडतो आणि माणसं चहात बिस्किट बुडवत बघत बसतात. याची मला चीड येते, आणि चीड आली की मला गप्प बसता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी ठरवलं होतं की भाषणाच्या मध्यावर एकदम थांबायचं. टेबलावरचा रणगाडा चालू होईल, कडेपर्यंत येईल, थांबेल. मग वरचा बुरूज सावकाश फिरेल आणि तोफेची नळी श्रोत्यांवर रोखली जाईल. तेव्हा मी अगदी हळू विचारणार: "आता सांगा, मजा येते आहे का?"

मुंबईतल्या दुकानात पोराने आधी माझ्या हातात मोटारीचा रिमोट दिला. बोट टेकवलं न टेकवलं तोच ती भिंतीवर जाऊन आपटली. "मॅडम, हलक्या हाताने," तो म्हणाला. मी फळीवरच्या रणगाड्यांकडे वळले. "हे हळू जातात ना?" हा माझा पहिला प्रश्न होता. टेबलाच्या कडेवर नेमकं थांबता यायला हवं म्हणून विचारते आहे, असंच मला वाटत होतं. आता वाटतं, माझ्या हाताला आधीच कळलं होतं, मला उशिरा कळलं. तो छर्रे मारणारा रणगाडा दाखवायला लागला. मी म्हटलं, छर्रे नकोत. "मॅडम, गोळी न मारणारा रणगाडा कोण घेतं?" "मी घेते." तसा त्याच्याकडे नव्हता. होता तोच घेऊन आले आणि घरी त्याचं पोट उघडलं.

माझा पहिला रणगाडा तुमच्याच हातचा. गास गावातल्या आपल्या घराचं स्वयंपाकघर, आई चुलीपुढे बोंबील साफ करते आहे आणि तुम्ही उंबरठ्यावर बसून दोऱ्याच्या लाकडी रिळाच्या कडांना चाकूने खोबणी पाडता आहात. रिळाच्या भोकातून रबर, एका बाजूला मेणबत्तीची चकती, तिच्यात अडकवलेली काडी. आई म्हणते, "पोरीला रनगाडा कशाला? भातुकली आना तिला." तुम्ही मान वर न करता म्हणता, "भातुकली हाय तिच्याकडं. रनगाडा नाय." काडी पिळून रीळ खाली ठेवलं तर ते कुरकुरत निघालं आणि तुमच्या पायाच्या बोटांवर चढलं. उरलेल्या हिरव्या रंगाचा एक हात तुम्ही त्यावर मारला होता. मला त्या खोबणी आठवतात, बाबा. दोन्ही कडांवर सारख्या अंतराच्या, सारख्या खोल. वसईपासून विरारपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा तो हात होता. पट्टी न लावता शिरोरेषा ओढायचा, आणि ती सरळ यायची.

नव्या रणगाड्यातून मी छर्ऱ्यांचं यंत्र काढून टाकलं. पुढची बाजू हलकी झाली म्हणून तिथे जाळ्याला लावायची शिशाची वजनं बसवली, राजोडीच्या एका कोळणीकडून आणलेली. तिने विचारलं, "कुठं टाकतेस जाळं?" मी म्हटलं, "सभेत." प्लास्टिकचे पट्टे टेबलावर घसरत होते, ते बदलून धातूचे घातले. इंजिनाचा रेकॉर्ड केलेला आवाज नको होता, म्हणून स्पीकरची तार कापली. मग अंगावरच्या झेंड्याच्या खुणा खरवडल्या. हा कोणत्याही देशाचा रणगाडा नाही, म्हणजेच सगळ्यांचा आहे, असं एक वाक्यही भाषणासाठी तयार झालं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलाचा रंग मी कालवला आणि डब्यातून तुमचा ब्रश काढला.

ब्रश टेकवायच्या आधी माझ्या डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

तशीच बसून राहिले. तुमची काठी आठवली. टोकाला कापडाचा गोळा बांधलेली, पाटीवर टेकवून तिच्यावर हात ठेवायची. अशी काठी वापरणाऱ्या पेंटरांची तुम्ही पूर्वी टर उडवायचात. एक दिवस तुम्हीच बांबूची तासून आणलीत आणि दुकानदाराने विचारल्यावर म्हणालात, "नवीन पद्धत हाय." आम्ही घरात ते खरं मानलं.

मी तो रंग संपवला. थकवा असेल, चहा जास्त झाला असेल, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्यांची इतकी लंगडी कारणं मी व्यासपीठावर टिकू दिली नसती.

राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी रिमोटच्या गाड्यावाले जमतात. सरावाला मी तिथे गेले. ओली घट्ट वाळू, वारा पडलेला. माझा रणगाडा छान चालला आणि थांबला, पण थांबल्यावरही बुरूज स्थिर राहीना. नळी डावी-उजवी, डावी-उजवी, थंडी वाजल्यासारखी. विरारचा एक बँकेतला तरुण त्याचा ट्रक घेऊन शेजारी उभा होता. "काकू, तुमचा बुरूज हलतोय. द्या जरा, बघतो." त्याने रिमोट घेतला. बुरूज थांबला. त्याने परत दिला. बुरूज हलायला लागला. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा थांबला. तो माझ्या अंगठ्याकडे बघणार असं मला वाटलं आणि मी हात पदराखाली घेतला. पण तो चांगल्या घरचा. त्याने समुद्राकडे बघितलं. "या दांड्या फार नाजूक असतात, काकू. मधे डेड झोन वाढवून देतो."

"म्हणजे?"

"म्हणजे दांडीच्या मधल्या एवढ्या जागेत बोट हललं तरी गाडीला कळत नाही."

"कुणालाच कळत नाही?"

"तुम्ही जोर लावाल तेव्हाच कळेल."

त्याने बटणं दाबली. नळी क्षितिजावर रोखून रणगाडा दगडासारखा उभा राहिला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ती टाळ्या वाजवणारी माणसं बघत होते पण मला चिंचोटीचा धबधबा दिसत होता.

पावसाळ्यात मुंबईहून येणारी पोरं धबधब्याच्या डोहात उतरायची, म्हणून गावकऱ्यांनी तुमच्याकडून पाटी करून घेतली होती. मी तेव्हा कॉलेजात. डबा घेऊन तुमच्यासोबत आले आहे. तुम्ही काठी टेकवून लिहिता आहात: "पुढे खोल पाणी आहे. पाण्यात उतरू नये." लिहून झाल्यावर गावातला एक जण पायवाटेवरून ओरडतो, "ओ पेंटर, 'नये' कुठं ठेवलंत? जागा तर एवढी पडलीय!" तुम्ही हसत त्याच्याजवळ जाता आणि तिथून वळून बघता. 'पाण्यात' हातभर उंच आहे, 'उतरू' त्याहून लहान आणि 'नये' ओळीच्या शेवटी मुंगीएवढं. लांबून वाचलं तर पाटी लोकांना बोलावते आहे. तुमचं हसू गेलं. असा चेहरा मी तुमचा कधी बघितला नव्हता. तुम्ही रॉकेलच्या फडक्याने ती ओळ पुसलीत, ब्रश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तू लिव." मी लिहिलं. ब्रश तुम्ही परत मागितला नाहीत.

त्यानंतर काय काय झालं ते मला क्रमाने आठवतं, आणि हीच माझी भीती आहे. आधी हात. मग पायांचं घासत चालणं. मग चेहरा, जणू तुम्ही कशावरच रागावत किंवा खूश होत नाही. आणि शेवटी आवाज. आई तुमच्या ओठांशी कान नेऊन बसायची. तुम्ही काहीतरी सांगत असायचात, नेटाने, आणि आम्ही सगळे "हो हो" म्हणायचो. त्या "हो हो"ची मला भीती वाटते, बाबा. मरणाची वाटत नाही असं मी सभेत म्हणते, ते खोटं नाही. पण एके दिवशी मी खुर्चीत बसून जगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलत असेन आणि माझ्याकडे वाकून कुणीतरी "हो हो" म्हणेल, याची वाटते.

राजोडीहून आल्यावर तो डेड झोन वाढवायला मी स्वतः शिकले. व्याख्यानाच्या दिवसापर्यंत तो इतका वाढला होता की दांडी निम्मी सरकेपर्यंत काहीच व्हायचं नाही, आणि मग बुरूज एकदम उडी मारायचा. पण हलायचा नाही. तेवढंच मला हवं होतं.

काल व्याख्यान चांगलं सुरू झालं. ठरल्या जागी थांबले, रणगाडा निघाला, पट्ट्यांची खरखर तेवढी ऐकू येत होती. कडेवर थांबला. बुरूज झटक्यात फिरला आणि नळी पहिल्या रांगेवर स्थिर झाली. सभागृहात चिडीचूप. मी हळू विचारलं, "आता सांगा, मजा येते आहे का?"

मागून एक आजोबा म्हणाले, "ताई, काय म्हनलात?"

मी पुन्हा विचारलं.

"ऐकू येत नाय!"

मी माइकवाल्याला खूण केली, वाढव. तो तिथूनच म्हणाला, "मॅडम, फुल्ल आहे! आता शिट्टी मारेल." लोक हसले. मीही हसले. हाताचा बंदोबस्त मी केला होता. आवाजाकडे लक्षच नव्हतं. मग मी तो प्रश्न ओरडून विचारला. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. पण ओरडून विचारल्यावर तो प्रश्न राहिला नाही, घोषणा झाली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतून बक्षीस घेऊन आले होते तेव्हा तुम्ही मला झापलं होतंत: "वरडतेस कशाला? अक्षर मोठं काढलं म्हनजे वाचता येतं असं नाय. मधली जागा सोडायला शीक." त्या एका झापण्यावर मी पुढे वक्ता झाले. थांबायला शिकले. काल मला थांबायची भीती वाटली.

आज दुपारी तुमचा जावई टेबलाशी वाल सोलत बसला होता. मी रिमोट घेतला, डेड झोन होता तसा शून्यावर आणला, वालाचं ताट बाजूला सारून रणगाडा त्याच्यासमोर ठेवला आणि अंगठा दांडीवर टेकवला. तोंडाने मी काही सांगू शकले नसते. हजारो लोकांपुढे उभी राहणारी मी, मला एक वाक्य जुळवता येत नव्हतं.

बुरूज हलायला लागला. डावी-उजवी, डावी-उजवी.

"आता माझ्यावर?" तो म्हणाला. मग, "बिघडला का?" मी मान हलवली आणि रिमोट त्याच्या हातात दिला. बुरूज थांबला. परत घेतला. हलायला लागला. तो बुरुजाकडे बघत होता, मग माझ्या अंगठ्याकडे बघायला लागला. वालाची साल त्याच्या बोटाला चिकटलेली, ती तशीच राहिली.

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"काय?"

"माहीत नाही," मी मोठ्याने म्हटलं.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या नको."

"बरं, परवा." त्याने ताट पुन्हा मधे ओढलं आणि अर्धे वाल माझ्याकडे सारले. "घे, सोल. सेनापती म्हणून सूट नाही." वाल बोटांतून निसटत होते. टेबलाखाली गेलेले तो वाकून गोळा करत होता आणि वर येताना दर वेळी थोडा उशीर लावत होता. डोळे पुसत असेल.

तुम्ही आईला दाखवलं होतं का, बाबा? की काठी तासताना एकटेच घाबरत बसला होतात? मला हे विचारायचं होतं, म्हणून लिहायला बसले. परवा डॉक्टर म्हणतीलही, काही नाही, वय झालं. तसं म्हणाले तर मी त्यांना रणगाडा दाखवणार आहे. 'भीती' या शब्दावर मी किती वेळा टाळ्या घेतल्या असतील. तो शब्द इतका बारीक आवाजात येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

हे पत्र मी टाइप केलं आहे. तुमच्यासाठी म्हणून सुरुवात पेनाने केली होती. पहिली ओळ पुरी झाली, लांब धरून बघितली आणि कागद घडी करून तुमच्या ब्रशच्या डब्यात ठेवला. तुम्ही मजकूर वाचला नसता, नुसती अक्षरं बघितली असती. त्यातलं 'बाबा' तेवढं लांबून वाचता येतं.