ताप उतरल्यानंतर

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय रत्नदीप,

तुझी वाडी जंक्शनला बदली झाल्याचं तुझ्या मित्राकडून, श्रीशैलकडून कळलं. आईची तब्येत बरी आहे. दीक्षाची सायकल ती अजून रोज पुसते. तुझं नाव मात्र घरात निघू देत नाही. आल्यागेल्याला सांगते, "माज्या पोरीला त्या भावानं घरात ठिवून मारलं." मी तिथंच चहा गाळत असते.

दीक्षा तापानं पडली त्या आठवड्यात आई मावशीकडे मैंदर्गीला होती, मी लॅबच्या ट्रेनिंगला पुण्यात. पाचव्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. दीक्षाचा ताप उतरलाय, पण पोट लई दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, दवाखान्यात नेऊ का, म्हणालास. मी म्हणाले, "ताप उतरला ना? दोन वर्षांमागं तुम्हा दोघांना डेंगू झालाय. अंग ओळखतं त्याला आता. झोपू दे तिला." लॅबमधली ताई सांगते म्हणून तू ऐकलंस. संध्याकाळी तिचे हातपाय गार पडले, तेव्हा रिक्षासाठी धावलास. दुसऱ्या दिवशी ती गेली.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं. डेंगूचे विषाणू चार प्रकारचे. पहिल्या वेळच्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण कधीकधी त्याला मारू शकत नाहीत. पेशींना वाटतं, हा पकडून आणलेला आहे. त्या त्याला आत घेतात आणि तो आतच वाढतो. ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी झिरपायला लागतं. दीक्षाचं तसंच झालं असावं, म्हणाले. अंगानं ओळखलं होतं, रत्नदीप. त्यानंच घात केला. तुझ्याही अंगात ती ओळख आहे. ताप आला तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठ, आणि उतरला म्हणून निर्धास्त राहू नकोस.

परवा आई दीक्षाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला कुणाकुणाला बोलवायचं ते सांगत होती. मधेच थांबून म्हणाली, "रत्नदीपला बोलवू का गं? त्याला तरी काय कळत हुतं." वर्षभर तू माझं नाव घेतलं नाहीस. पण आईनं जवळ घेतलं तर तुला राहवणार नाही, सगळं सांगशील. मग ती माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. म्हणून लिहिते आहे, येऊ नकोस. तुझा फोन आला होता आणि तू यायला नाही म्हणालास, असं मी तिला कालच सांगितलंय.

तुझीच,
संघप्रियाताई