बैलाने ऐकले, यंत्राने नाही

मुक्काम मूर्तिजापूर, पौष वद्य पंचमी, शके १७८५

तीर्थस्वरूप महादेवमामांच्या चरणी भाचा नत्थू याचे दंडवत. अमरावतीस आपले गुडघे काय म्हणतात? मामीसाहेबांचा खोकला उतरला का? इकडे माझी मान सोडून सर्व खुशाल.

मानेची हकीकत अशी. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला आलेली तेजी आपण पाहताच आहात. कापसातली सरकी काढायला हाताने फिरवायचे रेचे पुरेनात, म्हणून दोन वर्षे खपून मी बैलाने फिरणारे यंत्र बनवले (असे डोके आपल्या नात्यागोत्यात प्रथमच निपजले, हे आपणही कबूल कराल). कार्तिकात अकोल्याच्या बाजारी साऱ्या व्यापाऱ्यांसमोर ते चालवले. रूळ अडखळू लागले म्हणून वाकलो, तोच गळ्यातल्या उपरण्याचे टोक आत गेले आणि त्यामागे मीही निघालो. "थांब!" म्हणून ओरडलो. यंत्र माझ्या हातचे, पण त्याने ऐकले नाही. बैल मात्र जागीच उभा राहिला, म्हणून वाचलो. (उपरण्याची जरीकिनार एकीकडे आणि सूत दुसरीकडे निघाले, म्हणजे वेगळे काढण्याचे काम चोखच झाले.)

व्यापारी हसत होते, तेव्हा माझ्या मनात एकच आले: जे लोखंडात नाही आणि बैलात आहे, ते ऐकणारे कोण? त्या दिवसापासून हत्यारे बंद. मी गोठ्यात बैलासमोर बसून चिंतन करतो. गावचे हरिहरशास्त्री वाद घालायला आले. म्हणाले, चैतन्य चराचरात आहे. मी विचारले, "मग माह्या यंत्रात काहून नाही?" शास्त्रीबोवा ताक पिऊन परतले. रेचा चालवणारी मैनाबाई तेवढी म्हणाली, "बैल दमला होता, म्हून थांबला." अडाणी बाई! तिला द्यायचे उत्तर तयार करून राहिलो आहे. तीन आठवडे झाले. एकूण, मामा, आपल्या नात्यागोत्यात आता तत्त्वज्ञानी झाला, हे चार लोकांत अवश्य सांगावे.

आपला भाचा,
नत्थू

ता. क. यंत्र आपल्या भाचेसुनेने, रुख्मिणीने, ताब्यात घेतले आहे. तिने आणि मैनाबाईने रुळांत काय केले कोण जाणे. आठ दिवस ते न अडखळता अख्ख्या गावाची सरकी काढत आहे.

आणखी ता. क. गुरुवारी दोघी ते व्यापाऱ्यांना दाखवायला घेऊन अमरावतीस येतील, उतरतील आपल्याकडेच. जेवणे झाल्यावर सहज विचारल्यासारखे विचारावे, की रुळांत काय केले, आणि मला गुपचूप कळवावे. मी रुख्मिणीला विचारून पाहिले. म्हणाली, "तुमी विचार करून राहिले न? करा मंग."