पायपुसण्यावरची अकरा मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार
ही वही जानेवारीतच सुरू करायची होती. उशीर झाला, वहीची माफी मागतो. कारण भीती. लिहिलेलं कुणाच्या तरी हाती लागतं. पण विद्यापीठातल्या इन्केरीने सही करून दिलंय की ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

तर, इथे उत्तरेत ताम्पेरे शहरातले आम्ही आठ म्हातारे आणि विद्यापीठ मिळून संशोधन करतो आहोत. सहावी शिकून पुठ्ठ्याच्या गिरणीत लागलेल्या मलाही ते सहसंशोधक म्हणतात. माझ्या दाराशी एक पांढरी पेटी बसवली आहे. तिला कॅमेरा नाही. दार कधी उघडलं, पायपुसण्यावर कोण किती वेळ उभं राहिलं, एवढंच तिला कळतं. त्यावरून म्हातारा शुद्धीवर आहे की भरकटतोय, हे ती ठरवते. माणसाचा मान राखून ठरवते, असं इन्केरी म्हणाली.

स्पेनमधल्या मालागाहून मुलीचा, मिर्याचा फोन. म्हणाली, बाबा, पेटीने ठीक म्हटलं तर राहा एकटे. नाही म्हटलं तर वृद्धाश्रम, आणि मग कुरकूर ऐकणार नाही. मी म्हणालो, पोरी, पेटी माझ्या खिशात आहे. फोन ठेवल्यावर कॉफी ओतली, ती टेबलावरच. कप लहान आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी ८.१०. दार उघडलं. जिन्यात समोरच्या आउनेबाई. दार लावलं. बाई जाईपर्यंत थांबलो. गाठ पडली की बोलावं लागतं, आणि एकदा बोललं की रोज बोलावं लागतं. एकतीस वर्षं शेजारी आहोत, कधी तक्रार नाही.
पेटीचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. खूश दिसली.

१० फेब्रुवारी, सोमवार
निश्चय: पेटीला दाखवायचं की हा माणूस सारखा बाहेर जातो. बाहेर बर्फावर पाय घसरतो, म्हणून दार नुसतं उघडायचं, जरा थांबायचं, लावायचं. आज नऊ वेळा केलं. त्यात चार वेळा आउनेबाई जिन्यात होत्या, त्या चार खऱ्या.
असं डोकं गिरणीतल्या इंजिनियरलाही नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
झोप नाही. स्वप्नात पेटी मिर्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होती. उद्यापासून बारा वेळा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
विद्यापीठात बैठक. वेलचीचे बन चांगले होते.

अहवाल दक्षिणेकडच्या, मिर्या राहते तिकडच्या भागीदारांनी लिहिला आहे. पेटीही त्यांच्याचकडच्या घरांत शिकून आली आहे. इन्केरीने फक्त वाचून दाखवला. आम्हाला नावं नाहीत, नंबर आहेत, आणि आपला नंबर आपल्यालाही माहीत नाही. सात जण ठीक आहेत. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

सात नंबरचं मात्र अवघड आहे. दिवसातून बारा वेळा दार उघडतो आणि बाहेर न जाता लावतो. पायपुसण्यावर अकरा-अकरा मिनिटं उभा असतो. कुठे जायचं होतं हेच विसरत असावा, असं अहवाल म्हणतो. हे वाचलं तेव्हा सगळे आपापल्या कपात बघू लागले. इन्केरीही. केवढी माया माणसांत.

तो आमच्यातला ओस्मो असणार. शर्टाची बटणं चुकीची लावतो.

मग प्रश्न आला: अशा वेळी पेटीने आधी कुणाला सांगावं, त्या माणसाला की त्याच्या मुलांना? इन्केरीचं मत, आधी त्याला. बाकीचे कपातच. मीही गप्प राहिलो तर त्यांना वाटेल, याला काहीतरी लपवायचं आहे. उभा राहिलो. म्हणालो, जो स्वतःच्या दारातून बाहेर पडू शकत नाही त्याला विचारून काय करणार? सरळ मुलांना कळवा, उशीर नको. ओस्मो म्हणाला, तैस्तो, तू फारच पक्का दिसतोस. मी म्हणालो, कुणीतरी पक्कं असायला हवं. पाच विरुद्ध तीन, ठराव मंजूर.
ओस्मोसाठी वाईट वाटलं. बन घरी आणला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
मिर्याचा फोन. तिला पत्र गेलं आहे. सात नंबर मी.
म्हणाली, बाबा, दारात उभे राहून करता काय? मी खरं ते सांगितलं: आउनेबाई जिन्यात असतात. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, मग थांबतो. तिने हळूच विचारलं, बाबा, आज वार कोणता? वीस वर्षं मालागात राहून पोरगी जिना कसा उतरतात हेच विसरली.
शनिवारी, एक मार्चला येते. आश्रमात खोली बघितली आहे. खिडकीतून तळं दिसतं म्हणाली. मला माझ्या खिडकीतून दिसणारं सायकलींचं शेड आवडतं. हे फोनवर सांगितलं नाही, इथे लिहितो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
इन्केरीला फोन. कुणीतरी चूक केली आहे, असं तिला समजावलं. ती म्हणाली, तैस्तो, ठराव तुम्हीच मांडलात, मी आडवी येत होते. पण एक वाट आहे. संशोधन सगळ्यांचं आहे, माणसं पेटीची चूक दुरुस्त करू शकतात. ज्यांच्यासाठी तुम्ही थांबता त्या बाईंनी लिहून दिलं की शेजारी जाईपर्यंत आत थांबणं इथे उत्तरेत नेहमीचंच आहे, तर अहवाल बदलेल. शुक्रवारपर्यंत.
म्हणजे आउनेबाईंशी बोलायला हवं. सोपं आहे. उद्या बेल वाजवतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
बेलपर्यंत हात नेला. आत पायपुसण्यावर पावलं वाजली. बाई बाहेर यायला निघाल्या होत्या, म्हणून परत आलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार
माझं दार उघडलं, त्याच क्षणी त्यांचं दार लागलं. आम्ही दोघं आपापल्या आत उभे. चौदा मिनिटं. पेटीचा दिवा लाल झाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी ६.४०. जिना रिकामा. बाईंच्या दाराला पत्रांसाठी असलेल्या फटीतून चिठ्ठी टाकली आणि परत आलो. नक्कल इथे ठेवतो:

आउनेबाई, उपद्रव देतो, क्षमा करा. मी समोरचा तैस्तो लेहतोरांता. तुम्ही जिन्यात असता तेव्हा मी आत थांबतो. तुम्हीही थांबता, असा माझा अंदाज आहे. हे वेडेपण नाही, एवढं दोन ओळींत लिहून द्याल का? नाहीतर परवा मला इथून नेतील. बेल वाजवायची गरज नाही, कागद माझ्या फटीतून टाका. तुम्ही याल तेव्हा मी दारामागे उभा असेन, पण उघडणार नाही, निर्धास्त या. लवकर कळवा.